फोन केला की भाडं येतं

प्रश्न: मी ६२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. साताऱ्यात राहते. यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या फंडाच्या पैशांतून घेतलेला वाकडचा टू बीएचके फ्लॅट दोन वर्षांपासून भाड्याने दिला आहे. भाडं २४,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. भाडं ५ तारखेच्या आत द्यायचं, असं करारात लिहिलेलं आहे. भाडेकरू हिंजवडीत नोकरीला असलेला तरुण, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. माणसं चांगली आहेत. मला काकू म्हणतात, दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात, मुलीचे व्हिडिओ पाठवतात. घरही स्वच्छ ठेवलं आहे.

पहिलं वर्षभर भाडं वेळेवर आलं. गेल्या जुलैत मुलीला डेंग्यू झाला, तेव्हा मीच म्हटलं, सावकाश दे, घाई नाही. तेव्हापासून घडी विस्कटली ती विस्कटलीच. आता १५, १८, २० तारीख उजाडते. मला फोन करावा लागतो. आधी दहा मिनिटं मुलीची चौकशी, मग कसंबसं ‘ते जरा भाड्याचं…’ असं म्हणते. तो लगेच म्हणतो, ‘अरे हो काकू, डोक्यातूनच गेलं.’ फोन ठेवला की मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. मार्चमध्ये म्हणाला पगार अडकलाय, आणि त्याच रविवारी स्टेटसला महाबळेश्वरचे फोटो!

माझ्या सासूबाई ८६ वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्यासाठी दिवसभराच्या मावशी ठेवल्या आहेत, त्यांचा १४,००० पगार या भाड्यातूनच जातो. मावशींना मी एक दिवस थांबवत नाही. पेन्शनमधून देते आणि मग महिनाभर ओढाताण. बंगळुरूचा मुलगा म्हणतो काढून टाक. वाकडच्या शेजारच्या बाई म्हणतात एक दिवस लाइट बंद करा, सरळ येईल. भाच्याने नवीन भाडे कायदा आला म्हणून मेसेज पाठवलाय. करार ३१ मार्चला संपला, ‘करू या काकू रिन्यू’ म्हणत जून आला. सोबत पासबुकातल्या तारखा लिहून पाठवते आहे. मी फार ताणतेय का?

उत्तर:

नमस्कार बाई,

(शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणायची सवय अजून गेलेली नाही, तेव्हा बाईच म्हणतो.)

तुमच्या पत्रापेक्षा सोबतचा कागद जास्त बोलका आहे. तुम्ही नुसत्या पासबुकातल्या तारखा पाठवल्या नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी तुम्ही ‘फोन’ असं बारीक लिहून ठेवत होतात, त्या तारखाही उतरवून दिल्यात. मी दोन्ही रांगा समोरासमोर मांडल्या. सप्टेंबरमध्ये फोन ११ तारखेला, भाडं १२ ला. ऑक्टोबरमध्ये फोन १४ ला, भाडं १५ ला. नोव्हेंबर १७ आणि १९. जानेवारी १८ आणि २०. फेब्रुवारी १५ आणि १६. मार्चमध्ये सासूबाई दवाखान्यात होत्या, तुमचा फोन २० तारखेला गेला आणि भाडं २१ ला आलं.

म्हणजे एकदाही फोन आणि भाडं यांत दोन दिवसांच्या वर अंतर पडलेलं नाही. मार्चमध्ये तुम्ही गडबडीत नसता आणि १२ तारखेला फोन केला असता, तर १३ ला पैसे आले असते, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याचं वेळापत्रक असं नसतं. तो फोन उचलत नाही, निम्मे देतो, पुढच्या महिन्यावर ढकलतो. तुमच्याकडे यातलं काहीच झालेलं नाही. एक रुपया बुडालेला नाही.

त्याच्या मनात भाड्याची तारीख ५ नाहीच आहे. काकूंचा फोन आला की भाड्याची तारीख. कारचा हप्ता बँक परस्पर कापून घेते, क्रेडिट कार्डाचं बिल चुकलं तर दंड बसतो, मुलीच्या प्लेग्रुपची फी थकली तर शाळेतून मेसेज येतो. त्याच्या महिन्यात न दिल्याने काहीच बिघडत नाही असं देणं एकच आहे, ते तुमचं. त्यात तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. आपण सगळेच तसे वागतो. ज्या दुकानदाराने कधी मागितलं नाही त्याची उधारी आपल्याकडूनही सगळ्यात शेवटी फिटते.

आता जुलैबद्दल. मुलगी तापाने फणफणलेली असताना ‘सावकाश दे’ म्हणालात, ते योग्यच केलंत. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा म्हणा. फक्त तुमच्या सवलतीला शेवटची तारीख नव्हती. ‘या महिन्यात २० पर्यंत दे, ऑगस्टपासून पुन्हा ५’ एवढं अर्धं वाक्य राहून गेलं, आणि त्या अर्ध्या वाक्याच्या जागी त्याने स्वतःला सोयीचं वाक्य भरलं. वर्गात एखाद्या पोराला आजारी होता म्हणून गृहपाठ माफ केला आणि कधीपासून पुन्हा आणायचा ते सांगितलं नाही, तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

‘मी फार ताणतेय का’ असं विचारलंत, म्हणून एक हिशेब करून पाहिला. २४,००० रुपये १५ दिवस उशिरा आले तर ७ टक्के दराने तुमचं व्याज बुडतं ६९ रुपये. एका नारळ-लिंबाच्या फेरीचे पैसे. तेव्हा पैशाच्या दृष्टीने नुकसान फार नाही, आणि मुलगा म्हणतो तसं काढून टाकलंत तर फ्लॅट एक महिना जरी रिकामा राहिला तरी २४,००० गेले. वर रंग, एजंटचं कमिशन, वाकडच्या चार फेऱ्या. पण तुमचं खरं नुकसान ६९ रुपयांचं नाहीच. ५ तारखेपासून २० तारखेपर्यंत मोबाइल वाजला की बँकेचा मेसेज असेल म्हणून बघणं, आज फोन करू की उद्या हे मनात घोळवणं, आणि हक्काचे पैसे मागताना आवाज खाली जाणं. महिन्यातले पंधरा दिवस असे गेले तर वर्षाचे सहा महिने होतात. त्या हिशेबाने तुम्ही ताणत नाही आहात. उलट फार दिवस सैल सोडलंत.

मी वीस-बावीस वर्षांपूर्वी ठाण्यात भाड्याने राहायचो. घरमालक आजोबा सत्तरीचे. दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी सात वाजता बेल वाजायची. आजोबा आत येऊन खुर्चीवर बसायचे, पेपर उघडायचे. भाड्याचा शब्द काढायचे नाहीत. चहा यायचा, चहाबरोबर पाकीट यायचं. ते बोटाला थुंकी लावून नोटा मोजायचे, खिशातून पावतीपुस्तक काढून पावती फाडायचे आणि ‘मुलाचा अभ्यास कसा चाललाय’ विचारून उठायचे. तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही भाडं मागितलं नाही आणि मी एकदाही चुकवलं नाही. ३१ तारखेच्या रात्री मी निमूट एटीएमला जायचो. मागायची वेळच येऊ नये अशी त्यांनी बेलच लावून ठेवली होती. तुमच्याकडे त्या बेलच्या जागी तुमचा फोन आहे, आणि तो कधी ११ ला वाजतो, कधी १८ ला.

तेव्हा फोन बंद करायचा. भाड्यासाठी फोन करायचा नाही, हे आजपासून ठरवून टाका.

मात्र त्याआधी एक शेवटचा फोन करावा लागेल, आणि तो मुलीच्या चौकशीने सुरू करू नका. मुलीची चौकशी शेवटी करा. सुरुवात थेट: ‘अरे, कराराचं बोलायचंय, दहा मिनिटं मोकळा आहेस का?’ मोकळा नसेल तर कधी ते विचारा आणि ठेवून द्या. बोलणं सुरू झालं की पहिला प्रश्न एकच: ‘तुझा पगार कधी होतो?’ आणि मग गप्प बसा. तुम्हाला शांतता भरून काढायची सवय असावी असं पत्रावरून वाटतं. इथे ती आवरा. हिंजवडीतल्या बहुतेक कंपन्यांचे पगार महिनाअखेरीलाच होतात, पण त्याचा खरोखरच ७ किंवा १० ला होत असेल. कदाचित त्याने रावेत-पुनावळ्याकडे कुठे बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला असेल, आणि हप्ता आणि भाडं असं दोन्हीकडून कात्रीत सापडला असेल. पुण्यात अशी जोडपी कितीतरी आहेत. कदाचित बायकोची नोकरी गेली असेल आणि तुम्हाला सांगायला लाज वाटत असेल. तसं काही निघालं तर भाड्याची तारीख ५ ऐवजी १० करा. त्यात कमीपणा नाही. मावशींचं गणित १० तारखेला बसत असेल तर तुमचंही काही जात नाही. पण एकदा ठरली की ती तारीख ठरली.

नोकरीच गेली असेल तर बोलणं वेगळं. मग दोन महिन्यांचं लेखी ठरवा, आठवड्याला थोडं थोडं घ्या, आणि डिपॉझिटमधून वळतं करायला मात्र सुरुवातीलाच नाही म्हणा. डिपॉझिट संपलं की तुमच्या हातात काहीच उरत नाही. तुमचा मुलगा ज्या बंगळुरूत आहे तिथे दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट घ्यायची रीत होती, म्हणून त्याला ‘काढून टाक’ म्हणणं सोपं जातं. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं असतं, तेवढाच आपला दोर.

महाबळेश्वरचं म्हणाल तर, ते सोडून द्या. सहल ऑफिसची असेल, सासऱ्यांनी नेलं असेल, फोटो मागच्या वर्षीचे असतील. आणि समजा स्वतःच्या पैशाने गेला असेल, तरी भाडं ५ तारखेला आलं असतं तर तो महाबळेश्वरला जाओ नाहीतर मॉरिशसला, आपल्याला काय करायचंय? स्टेटस बघून भाडं मागायला लागलात तर भांडण पैशावरून न होता त्याच्या संसारावरून होईल. जमलं तर त्याचं स्टेटस म्यूट करा. रक्तदाबाला बरं.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या एका ओळीने मला खरी धास्ती वाटली तिच्याकडे येतो. भाडं उशिरा येतं ती ओळ नव्हे. करार ३१ मार्चला संपला आणि जून आला, ही. अडीच महिने तुमच्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब कसल्याही कागदाशिवाय राहतंय, आणि तुम्ही त्यांच्याकडून पैसे घेताय.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ सांगतं की जागा भाड्याने द्या नाहीतर लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसती राहायची परवानगी देऊन), करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत इथे चालत नाही. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण त्याहून महत्त्वाचं असं की नोंदवलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करेपर्यंत. ‘काकू म्हणाल्या होत्या सावकाश दे’ हे वाक्य तिथे तुमच्यावरच उलटू शकतं. म्हणाला होतात ना तुम्ही?

दुसरी बाजूही आहे आणि ती तुमच्या बाजूची आहे. तुमचे आधीचे दोन्ही करार एजंटने नोंदवलेले आहेत असं तुम्ही सोबतच्या कागदावर लिहिलंय; लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी आला होता, म्हणजे ते रीतसरच झालेत. त्याच कायद्याचं कलम २४ म्हणतं की राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली की लायसन्सीने, म्हणजे तिथे राहणाऱ्याने, जागा सोडायची. न सोडल्यास घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर जागा अडवून ठेवल्याबद्दल भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा धरतात. समन्स मिळाल्यावर समोरच्याला तीस दिवसांत बचाव करायची परवानगी मागावी लागते. दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता बराच जवळचा, तरी काही महिने लागतात असं धरूनच चाला.

हे मी तुम्हाला त्याच्यावर अर्ज करा म्हणून सांगत नाही. तुमच्या हातात पत्ता कोणता आहे हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. वर्षभर तुम्ही चुकीचा पत्ता खेळत होतात: फोन, आणि फोनमधली आर्जवं. करार पुन्हा करायचा की नाही, हे या क्षणी सर्वस्वी तुमच्या हातात आहे. त्याला मुलीची शाळा बदलायची नाही, सामान हलवायचं नाही, नवं डिपॉझिट भरायचं नाही. ‘करू या काकू रिन्यू’ ही त्याची गरज आहे, आणि तुम्ही मात्र ते तुम्हीच मागितलेलं असल्यासारखं वाट बघत बसलात.

म्हणून नव्या करारात काय असावं ते सांगतो. उशिरासाठी दंड लावा, असं बहुतेक जण तुम्हाला सांगतील. लावता येतो, करारात लिहिला असेल आणि वाजवी असेल तर. जुन्या करारात तसं कलम नसेल तर मागच्या महिन्यांचा दंड आता मागू नका. पण तुमचा स्वभाव बघता दंडाचं कलम कागदावरच राहील. २० तारखेला २४,००० जमा झाले की वरच्या ५०० साठी तुम्ही पुन्हा फोन करणार आहात का? नाही. मग तो दंड म्हणजे आणखी एक फोन.

त्यापेक्षा उलटं करा. नूतनीकरणाला भाडं वाढतंच, तेव्हा भाडं २५,५०० लिहा. आणि पुढे कलम घाला की ५ तारखेपर्यंत पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यास त्या महिन्याला १,००० रुपये सवलत. वेळेवर दिलं तर २४,५००, चुकलं तर आपोआप २५,५००. तुम्हाला काही मागायचं नाही, वाद घालायचा नाही. सवलत त्याने गमावली, तुम्ही काढून घेतली नाही. दंड म्हटलं की माणूस भांडतो, सूट गेली म्हटलं की स्वतःवर चरफडतो. एक पथ्य तेवढं पाळा: ६ तारखेला २४,५०० आले तर ‘असू दे’ म्हणायचं नाही. उरलेले हजार पुढच्या महिन्याच्या हिशेबात दाखवायचे. पहिल्याच महिन्यात ढील दिलीत तर ते कलम मेलं म्हणून समजा.

दुसरं, त्याला बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्यायला सांगा. दर महिन्याच्या ३ तारखेला त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात रक्कम आपोआप वळती. मोबाइल ॲपमध्ये पाच मिनिटांचं काम आहे, आयटीवाल्याला तर दोन मिनिटांचं. त्याचा स्क्रीनशॉट आला की मगच करारावर अंगठा. मी सांगितलेल्या सगळ्यांत हे एकच जमलं तरी बाकीचं पत्र तुम्ही फाडून टाकलंत तरी चालेल. ‘डोक्यातूनच गेलं’ यावर डोकं बाजूला काढणं हाच इलाज.

खर्चाचं म्हणाल तर अकरा महिन्यांसाठी २५,५०० भाडं आणि ७५,००० डिपॉझिट धरून मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्यांनी जेमतेम सव्वासातशेच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० आणि वर एजंटचे काय ते. करार झाला की एक प्रत सोसायटीला द्या आणि पोलिसांकडची भाडेकरूची माहिती नव्याने भरा.

फोन झाला की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून टाका. बोलताना अरे-तुरे आहे तर लिहितानाही राहू द्या. एकदम ‘आपणांस कळविण्यात येते’ सुरू केलंत तर त्याला वाटेल वकील बसलाय शेजारी. साधारण असं:

‘आज बोलल्याप्रमाणे लिहून ठेवते. जुना करार ३१ मार्चला संपलाय. नवा करार ३० जूनच्या आत नोंदवून व्हायला हवा. भाडं २५,५००, ५ तारखेपर्यंत जमा झालं तर त्या महिन्याला १,००० ची सवलत. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन टाकून स्क्रीनशॉट पाठव. हे जमणार नसेल तर ३१ जुलैपर्यंत फ्लॅट रिकामा करावा लागेल, तसं मला या रविवारपर्यंत कळव. तोपर्यंतचं भाडं मी माझे हक्क अबाधित ठेवून घेते आहे.’

शेवटचं वाक्य जरा वकिली वाटेल. असू द्या. करार संपल्यावरही पैसे घेत राहिलात म्हणजे राहायला संमती दिलीत, असं उद्या कोणी म्हणू नये यासाठी ते आहे.

रविवारपर्यंत उत्तर आलं नाही, किंवा ‘बघतो काकू’ आलं, तर सोमवारी वकिलाकडून जागा रिकामी करण्याची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. ‘बघतो’ हे मराठीत नाही म्हणायचंच एक रूप आहे, ते होकार म्हणून धरू नका. तोवर आला तर गोड बोला, चहा द्या, पण नोटीस मागे घेऊ नका.

शेजारच्या बाईंचा लाइट बंद करण्याचा सल्ला मात्र कानाआड करा. घरात तीन वर्षांचं पोर आहे, हे एक. आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये घरमालकाने वीज-पाण्यासारख्या आवश्यक सेवा तोडू नयेत असं आहे. ते लायसन्सवर राहणाऱ्याला लागू होतं की फक्त भाडेकरूला, यावर वकील काथ्याकूट करत बसतील. तोवर पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर तुम्ही असाल, आणि उशिरा भाडं देणारा तो माणूस तक्रारदार झालेला असेल. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, सोसायटीच्या वॉचमनला आत सोडू नको म्हणून सांगणं, सगळं त्याच माळेतलं.

भाच्याने पाठवलेला ‘नवा कायदा’ म्हणजे बहुधा केंद्राचा २०२१ चा मॉडेल टेनन्सी ॲक्ट. नावातच मॉडेल आहे. केंद्राने तो राज्यांसाठी नमुना म्हणून मंजूर केला. राज्य सरकार जोवर तसा कायदा करत नाही तोवर तो आपल्याला लागू नाही. दर काही महिन्यांनी तो नवाकोरा म्हणून फिरतो. तुमचं काम १९९९ च्या कायद्यानेच चालेल.

एक गंमत आठवली. जानेवारी-फेब्रुवारीत ऑफिसला एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी, भाडेपावत्या द्यायच्या असतात, तेव्हा त्याचा फोन स्वतःहून आला असणार. आला होता ना? पावत्या आणि तुमचा पॅन नंबर हवा म्हणून. तेव्हा काही त्याच्या डोक्यातून गेलं नसणार. पावती देणं तुमचं कर्तव्यच आहे, अडवू नका. फक्त यापुढे पावती दर महिन्याला द्या, आणि तीवर पैसे मिळाल्याची खरी तारीख घाला. बारा पावत्यांवर बारा वेगवेगळ्या तारखा ऑफिसात द्यायच्या म्हटलं की माणूस स्वतःच जरा ओशाळतो. आणि वेळ आलीच तर तोच तुमचा हजेरीपट.

यातलं सगळं करूनही दोन महिन्यांत पुन्हा १५ तारीख उजाडली, तर मुलाचं ऐका. रिकाम्या महिन्याचे २४,००० सोसा, पुढच्या भाडेकरूशी पहिल्या दिवसापासून हाच करार करा. पण माझा अंदाज आहे तशी वेळ येणार नाही. दोन दिवसांत पैसे पाठवणारा माणूस आहे तो, दिशा दाखवली की चालेल.

बाई, त्या छोटीचा वाढदिवस कधी असतो? त्या दिवशी फोन जरूर करा, आधी करत होतात तसाच. दहा काय, वीस मिनिटं बोला. भाड्याचा विषय त्यात काढू नका. त्याने काढला, तर ‘ते मेसेजवर बघ’ म्हणा आणि फोन पोरीकडे द्यायला सांगा.